परभणी जिल्ह्यातील नागरी वस्त्या आणि भूजल : बारव ते विंधन विहीर – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
मराठवाड्यातील शहरांच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः धरणे, बंधारे व जलवाहिन्या यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रत्यक्षात येथील नागरी जीवन प्रत्येक कालखंडात भूजलावर उभे राहिलेले दिसते. बारव, आड, सार्वजनिक विहीर, हापसा आणि घरगुती विंधन विहीर ही त्याची क्रमाने येणारी रूपे होत. या क्रमात पाणी खोल गेले, त्याबरोबर ते सार्वजनिक दृष्टीतून व सार्वजनिक नोंदींतूनही नाहीसे झाले, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना :
शहर आणि पाणी यांचा संबंध मानवी संस्कृतीइतकाच जुना आहे. तथापि नागरी इतिहासलेखनात नदी, तलाव व धरण यांना जे स्थान मिळाले ते जमिनीखालील पाण्याला मिळालेले नाही. धरणाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, खर्चाचा तपशील शासकीय अहवालात येतो. विंधन विहीर मात्र एका रात्रीत, घराच्या अंगणात घेतली जाते आणि तिची नोंद बहुधा घरमालकाच्या स्मरणातच राहते. साधनांच्या या विषम उपलब्धतेमुळे इतिहासाचे चित्रही एकांगी झाले आहे.

परभणी जिल्हा या दृष्टीने अभ्यासास योग्य आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके जिल्ह्यात राहिले. परभणी शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ५९ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे ३ लाख ७ हजार झाली. त्याच वर्षी नगरपरिषदेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. मध्यम आकाराचे, सतत वाढणारे आणि पाण्याच्या बाबतीत अनिश्चित असे हे शहर मराठवाड्यातील अनेक शहरांचे प्रतिनिधित्व करते.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) परभणी जिल्हा व लगतच्या मराठवाड्यातील नागरी भूजल वापराच्या ऐतिहासिक टप्प्यांचा आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यात पाण्यावर कोणाचा अधिकार होता व त्याची देखभाल कोण करीत होते, याचा शोध घेणे.
३) आफ्रिकेतील वाढत्या शहरांच्या अनुभवाशी त्याची तुलना करून आजच्या व्यवस्थापनातील उणिवा स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. दर्शनिका, जनगणना, अधिनियम व प्रकाशित ग्रंथ ही दुय्यम साधने आणि अस्तित्वात असलेल्या जलवास्तू यांचा आधार घेतला आहे.

१. खडकाचे स्वरूप आणि पाण्याची मर्यादा :
परभणी जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. काळ्या कसदार जमिनीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि त्याखाली कठीण कातळ अशी सामान्य रचना आढळते. लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांमध्ये कोठे सच्छिद्र खडक, कोठे तांबड्या मातीचा पातळ थर असतो. पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांमध्ये. नदीच्या वाळूमिश्रित गाळातून त्याच्या आकारमानाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पाणी मिळू शकते. बेसाल्टमधून मिळणारे पाणी मात्र साधारणतः १ ते ३ टक्केच असते.

या एका आकड्यात येथील पाण्याचा इतिहास सामावलेला आहे. उत्तर भारतातील गाळाच्या मैदानाप्रमाणे येथे भूजलाचा विस्तीर्ण साठा नाही. खडकातील भांडे लहान आहे, ते पावसाळ्यात लवकर भरते आणि उन्हाळ्यात लवकर रिते होते. शेजारी शेजारी घेतलेल्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी लागते व दुसरी कोरडी जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पाणाड्याला येथील लोकजीवनात मिळालेले महत्त्व याच अनिश्चिततेतून आलेले आहे. खोल गेल्यास अधिक पाणी मिळेल ही समजूत मात्र या खडकात नेहमीच खरी ठरत नाही, कारण खोलीबरोबर भेगा सामान्यतः कमी होत जातात आणि खोलवरच्या पाण्याचे पुनर्भरणही सावकाश होते.

२. बारव, आड आणि पाणवठा :
जिल्ह्यातील प्राचीन व मध्ययुगीन वस्त्यांच्या पाण्याचा विचार करता बारव ही वास्तू प्रथम लक्षात येते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. मंदिरांच्या सान्निध्यात तेथे बारवही आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथील गोलाकार रचनेची बारव आणि परभणी तालुक्यातील पिंगळी येथील बारव या त्याच परंपरेच्या साक्षीदार आहेत. बारवेला पायऱ्या असतात. पाणी खाली गेले की माणूस पायऱ्यांनी त्याच्यामागे खाली उतरतो. त्यामुळे किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून पाण्याची पातळी कोणालाही कळत असे. अर्थात बारव हे पाणी साठविण्याचे व काढण्याचे साधन होते, त्याचबरोबर ते भूजलपातळीचे सार्वजनिक मोजमापही होते.

बारवेबरोबरच वाड्यांतील आड हा नागरी वस्तीचा दुसरा आधार होता. अरुंद तोंडाच्या आडातून रहाट व पोहऱ्याच्या साहाय्याने पाणी काढले जाई. उपशाची गती मानवी श्रमाने मर्यादित असल्यामुळे खडकातील साठ्यावर ताण पडत नसे. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण या व्यवस्थेतील सामान्य शहाणपणाची निदर्शक आहे.

तथापि या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. पाणवठा सार्वजनिक होता, परंतु तो सर्वांचा नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार नव्हता. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने हा प्रश्न राष्ट्रीय पटलावर आणला. स्वातंत्र्यानंतर पाव शतक उलटल्यावरही, १९७२ मध्ये डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभारावी लागली, यावरून प्रश्नाची खोली लक्षात येते. म्हणूनच भूजल व्यवस्थापनाचा विचार करताना पाणी किती आहे यासोबत ते कोणाच्या हाती आहे हा प्रश्नही विचारावा लागतो.

३. मलिक अंबरची नहर : नागरी भूजल व्यवस्थापनाचा दाखला :
परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव अहमदनगरच्या निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव म्हणून इतिहासकार फेरिश्ता याने नोंदविले आहे. याच निजामशाहीचा कर्तबगार प्रधान मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने मराठवाड्यातील नागरी भूजल व्यवस्थापनाचा सर्वांत मोठा प्रयोग केला. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतील इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला जाऊन तो अरबस्तान व बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि स्वकर्तृत्वाने राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचला.

त्याने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी येथे, म्हणजे नंतरच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, इ. स. १६१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी ही योजना पूर्ण झाली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेले पाणी भुयारी मार्गाने एकत्र करून ते केवळ उताराच्या साहाय्याने नगरात आणले गेले. मार्गात ठिकठिकाणी तपासणीसाठी विवरे आणि पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी बांधीव स्तंभ उभारण्यात आले. पुढील काळात अशा अनेक नहरी झाल्या व पाणचक्की त्यांपैकीच एका नहरीवर चालली.

या योजनेचे मर्म असे की, जमीन आपणहून जेवढे पाणी देते तेवढेच नहर वाहून आणते, त्याहून अधिक ओढून घेत नाही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नहर टिकली ती तिची सफाई व दुरुस्ती होत राहिली म्हणून. शहर वाढले, भुयारी मार्गांवर बांधकामे झाली, देखभाल थांबली आणि नहरी क्रमाने निकामी होत गेल्या. भूजलाचे कोणतेही साधन देखभालीच्या सामाजिक व्यवस्थेवाचून टिकत नाही, हा धडा यातून मिळतो.

४. दुष्काळ, हापसा आणि जालन्याचा पंप :
विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमार्ग सुरू झाल्यानंतर परभणी, सेलू, मानवत व पूर्णा यांसारख्या गावांना बाजारपेठेचे स्वरूप आले. मात्र वाढत्या वस्तीची तहान दीर्घकाळ आड व विहिरीच भागवीत राहिल्या.

या स्थितीत निर्णायक बदल झाला तो १९७२ च्या दुष्काळाने. विहिरी आटल्या आणि कातळ फोडून खोल जाणारी यंत्रे ही शासनाची गरज बनली. १९७० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिद्रण यंत्रांनी काही तासांत शे-दोनशे फूट खोल जाणे शक्य झाले.

परंतु छिद्र घेणे सोपे व पाणी वर आणणे अवघड, असा अनुभव लवकरच आला. एका कुटुंबासाठी बनविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप शेकडो माणसांच्या वापराने वारंवार मोडू लागले. या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर परभणीच्या शेजारच्या जालन्यात सापडले. तेथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने पोलादी बांधणीचा पंप तयार केला, तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात सोलापूर येथे सुधारणा झाली. त्या आधारावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ व भारत शासनाच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. पुढे हाच पंप आफ्रिकेतील अनेक देशांत मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आला. आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने मराठवाड्याला नहर दिली आणि साडेतीन शतकांनंतर मराठवाड्यातील एका कार्यशाळेची कल्पना आफ्रिकेतील वस्त्यांपर्यंत पोहोचली. भूजलाच्या इतिहासातील हे आदानप्रदान दुर्लक्षित राहिले आहे.

मराठवाड्यात ‘हापसा’ या नावाने रूढ झालेल्या या साधनाचे सामाजिक महत्त्वही मोठे आहे. हापसा शासनाने बसविलेला असल्याने त्यावर परंपरागत मालकी नव्हती. दलित वस्तीत स्वतंत्र हापसा आल्याने पाण्यासाठीची याचना कमी झाली. मात्र त्यामुळे एक पाणवठा होण्याऐवजी वेगवेगळे पाणवठे निर्माण झाले, ही त्याची दुसरी बाजू होय.

५. धरण, जलवाहिनी आणि घरोघरचे बोअर :
स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले आणि त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला. कालव्याच्या लाभक्षेत्रातील विहिरींना पाझराचे पाणी मिळाले, म्हणजे धरणाने काही प्रमाणात भूजलही वाढविले. परभणी शहराला पूर्णा नदीवरील राहाटी बंधाऱ्यातून पाणी मिळू लागले व नंतरच्या काळात येलदरी जलाशयातून थेट जलवाहिनीची योजना करण्यात आली.

शासकीय दृष्टीने शहराच्या पाण्याचा इतिहास येथे पूर्ण होतो. परंतु नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते अशा शहरात नागरिक मधले दिवस कसे काढतात, या प्रश्नाचे उत्तर जलवाहिनीत नसून अंगणातील बोअरमध्ये आहे. १९८० नंतर छिद्रण यंत्रे खाजगी व्यावसायिकांच्या हाती आली आणि पाण्यात बुडून चालणारे विद्युत पंप मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. नव्या वसाहतीत घर बांधताना आधी बोअर घेण्याची प्रथा पडली. बांधकामाला पाणी त्याचेच, नंतर घरवापराचे पाणीही त्याचेच. नगरपालिकेने जे द्यावयाचे ते प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते निर्माण केले.

याचे परिणाम तीन प्रकारचे झाले. पहिला, मर्यादित साठ्याच्या खडकात शेजाऱ्यांची स्पर्धा सुरू झाली. एकाने अधिक खोल बोअर घेतले की शेजारचे आटते व त्यालाही खोल जावे लागते. यात पाणी वाढत नाही, केवळ खर्च वाढतो. दुसरा, ज्याच्याकडे स्वतःची जागा व भांडवल आहे त्यालाच ही सोय मिळाली. भाडेकरू व झोपडपट्टीतील रहिवासी हापसा, टँकर किंवा शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. तिसरा, दाट वस्तीत शौचालयाची टाकी, उघडी गटारे आणि बोअर एकमेकांच्या निकट आली. भेगाळलेल्या खडकातून सांडपाणी खाली उतरण्यास वेळ लागत नाही. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, परंतु घरगुती बोअरचे पाणी तपासून घेण्याची सक्ती कोणावरही नाही.

या व्यवस्थेची कसोटी २०१२-१३ व २०१५-१६ च्या टंचाईत लागली. शेजारच्या लातूर शहरात मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. देशभर चर्चा झाली ती रेल्वेची. मात्र धरण आटल्यानंतर शहर ज्यावर जगते ते भूजलही त्याच वेळी आटते, कारण दोघांचा उगम एकाच पावसात आहे. म्हणून अवर्षणाच्या वर्षी बोअर हा धरणाला पर्याय ठरत नाही. आधीच्या चांगल्या वर्षांत जपून ठेवले असेल तरच भूजल उपयोगी पडते.

६. कायदा आणि नोंदींतील रिक्तता :
१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात जमीनमालकास आपल्या जमिनीखालील पाणी घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. जमीन ज्याची त्याचे पाणी, ही धारणा आजही समाजमनात दृढ आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी भूजल विनियमन अधिनियम केला. त्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास प्रतिबंध होता. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१४ मध्ये अंमलात आला. विहिरींची व छिद्रण यंत्रांची नोंदणी, ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर नियंत्रण आणि पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत.

तथापि या कायद्यांचा मुख्य भर ग्रामीण भाग व शेती यांवर राहिला. भूजलाचे मूल्यमापन पाणलोट क्षेत्रानुसार होते, लघुसिंचन गणनेत सिंचनाच्या विहिरी मोजल्या जातात. जनगणनेत प्रत्येक कुटुंबाचा पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता एवढेच नोंदविले जाते. ज्या घरात पिण्यासाठी नळ व इतर सर्व कामांसाठी बोअर आहे ते घर या नोंदीत केवळ ‘नळाचे’ ठरते. म्हणजे शहरातील सर्वांत मोठा पाणीसाठा कोणत्याच गणनेत पूर्णपणे येत नाही. अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेला सिंचनासाठी बोअर न घेण्याचा निर्णय घेता आला, कारण गावाला आपले पाणी मोजता आले. शहराजवळ असे मोजमापही नाही आणि अशी सभाही नाही.

७. आफ्रिकेतील शहरांचा अनुभव :
हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. नायजेरियातील लागोस शहराच्या विस्ताराबरोबर सार्वजनिक नळयोजना अपुरी पडली आणि खाजगी विंधन विहिरी हाच असंख्य कुटुंबांचा आधार बनला. झांबियाची राजधानी लुसाका चुनखडीसदृश खडकावर वसलेली असून तेथील दाट वस्त्यांत शौचखड्डे व उथळ विहिरी शेजारी शेजारी आहेत. २०१७-१८ मध्ये तेथे पटकीची मोठी साथ आली. युगांडातील कंपाला येथे गरीब वस्त्या झऱ्यांवर अवलंबून असून वस्ती वाढल्याने ते झरे दूषित झाले. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये २०१८ च्या टंचाईत सधन कुटुंबांनी स्वतःचे बोअर घेऊन आपली सुटका करून घेतली.

खडक, राज्यव्यवस्था व इतिहास भिन्न असूनही या सर्व ठिकाणी एक समान सूत्र आढळते. सार्वजनिक व्यवस्था जेथे कमी पडते तेथे नागरिक स्वतःच पाणीपुरवठादार होतो, आणि ज्याच्यापाशी साधने असतात तो सार्वजनिक व्यवस्थेच्या सुधारणेविषयी उदासीन होतो. परभणीचा अनुभव या जागतिक प्रक्रियेचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष :
१) परभणी जिल्ह्यातील नागरी वस्त्या सर्व कालखंडांत भूजलाधारित राहिल्या आहेत. धरणे व जलवाहिन्यांनी भूजलाचा वापर संपविला नाही, तर तो नजरेआड केला.
२) बारवेपासून बोअरपर्यंतच्या प्रवासात पाणी दृश्यातून अदृश्याकडे आणि सामूहिक देखभालीतून खाजगी उपशाकडे गेले.
३) परंपरागत व्यवस्था देखभालीच्या दृष्टीने अनुकरणीय असली तरी सामाजिक न्यायाच्या दृष्टीने सदोष होती. आजची व्यवस्था जातीचे बंधन सैल करते, परंतु संपत्तीचे बंधन घट्ट करते.
४) बेसाल्ट खडकाची साठवणक्षमता अल्प असल्याने अधिक खोल जाणे हा दीर्घकालीन उपाय ठरू शकत नाही.
५) जे मोजले जात नाही त्याचे व्यवस्थापन होत नाही आणि ज्याची नोंद नाही त्याचा इतिहासही लिहिता येत नाही.

या अनुषंगाने काही सूचना कराव्याशा वाटतात. मालमत्ता कराच्या आकारणीवेळी प्रत्येक घरातील विहीर व बोअर यांची खोली, वर्ष व स्थिती नोंदविल्यास अल्प खर्चात शहराची विहीर-नोंदवही तयार होऊ शकेल. प्रत्येक प्रभागातील एक जुना आड किंवा विहीर स्वच्छ करून तिची पाणीपातळी नियमित मोजली जावी व ती फलकावर लिहिली जावी. बारवेच्या पायऱ्या जे काम करीत होत्या तेच काम हा फलक करील. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन जुन्या विहिरींची सूची, जाणत्या नागरिकांच्या आठवणींचे संकलन आणि पाण्याची तपासणी हाती घेतल्यास पुढील संशोधकास आज नसलेले साधन उपलब्ध होईल. परभणी येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याच्या मार्गदर्शनाचाही यात उपयोग होऊ शकेल.

जमिनीखालील पाण्याला प्रभागाच्या व मालकीच्या सीमा नसतात. एका अंगणातून उपसलेले पाणी शेजारच्या अंगणाखालूनही आलेले असते. म्हणून शहराचे भूजल ही कायद्याने नव्हे तरी वस्तुतः सर्वांची सामाईक ठेव आहे. ती ठेव मोजणे आणि तिचा हिशेब सर्वांसमोर ठेवणे हे वाढत्या शहरांच्या पाणी-नियोजनाचे पहिले कर्तव्य ठरते.